बोरटोलीच्या हवेची साक्ष

हर्षा भोयर नागपुरात नेमकं काय काम करते, हे तिच्या गावात कोणाला धड सांगता येत नसे. गाव खाप्याच्या अलीकडे, कन्हानच्या काठावर. पोरगी काय करते असं कोणी विचारलं की वडील सांगत, हवा मोजते. ऐकणारा हसायचा आणि म्हणायचा, काट्यावर ठेवून काय गा? वडीलही हसत आणि विषय मिरचीच्या भावावर नेत.

खरं म्हणजे तो थट्टेतला प्रश्न अगदी बरोबर होता. हर्षा ज्या यंत्रावर काम करायची त्याचं नाव मास स्पेक्ट्रोमीटर, आणि ते हवेतल्या कणांचं वजनच करायचं. एका बारीक नळीतून हवा आत ओढायची, आतल्या कणांवर विजेचा भार चढवायचा आणि हलके-जड कण वेगवेगळे पाडायचे. प्रत्येक विषाचं आपलं एक वजन असतं. शंभर कोटी कणांत बेंझीनचा एखाददुसरा कण असला, तरी यंत्र त्याला गर्दीतून कॉलर धरून बाहेर काढायचं. शहरातल्या एका खाजगी प्रयोगशाळेत हे यंत्र आलं तेव्हा ते चालवायला हर्षाला घेतलं, आणि दोन-तीन वर्षांत ती त्यात इतकी मुरली की पंपाचा आवाज बदलला तरी तिला शेजारच्या खोलीत कळायचं.

बारावीनंतर ती नागपुरात शिकायला आली ती आत्याकडे, बोरटोलीत. बोरटोली म्हणजे जरीपटक्याच्याही पलीकडे, शहर संपतं तिथली वस्ती. प्रयागबाई आत्या लग्न होऊन तिथे आली तेव्हा आजूबाजूला बोरी-बाभळी होत्या. नवरा लवकर गेला. पदरात पियुष. आत्यानं शिलाई मशीन घेतली, गांधीबागेतून कापडाचे गठ्ठे आणून परकर शिवायला बसली आणि हळूहळू शेजारच्या सहा-सात बायांनाही नाड्या ओवायचं, काठ दुमडायचं काम देऊ लागली. घर विटांचं झालं, वर स्लॅब पडला, पुढे ओटा आला. हर्षानं बी.एस्सी. त्या ओट्यावर बसून केलं, एम.एस्सी.सुद्धा. आईपेक्षा आत्याच्या हातचं तिनं जास्त खाल्लं, आणि नोकरी लागून मानेवाड्याकडे खोली घेतल्यावरही रविवारी तिचे पाय बोरटोलीकडेच वळत.

वस्तीच्या मागे कारखाना आला तो हर्षा कॉलेजात असताना. दुसऱ्या कारखान्यांत वापरून झालेली रसायनं टँकरनं आणायची, शुद्ध करायची आणि पुन्हा विकायची, असा त्यांचा धंदा. तेव्हापासून पहाटे एक वास यायचा. गोडसर, नखाच्या पॉलिशसारखा, आणि मग घशाशी कडू. हिवाळ्यात जास्त. बायांची डोकी धरायची, लहान लेकरांना मळमळायचं. आत्याच्या नव्या कोऱ्या परकरांनाही तो वास लागायचा, आणि गांधीबागेतला व्यापारी नाक वाकडं करायचा.

तक्रारी पुष्कळ झाल्या. साहेब लोक यायचे ते दुपारी, हातात मावेल एवढं मीटर घेऊन. दुपारी बोरटोलीत चांगला वारा असतो. मीटर शून्य दाखवायचं, साहेब चहा पिऊन जायचे आणि काही आढळलं नाही असं लिहायचे. पुढे पुढे बायांना उलट विचारू लागले, की बाई, चुलीचा धूर तर नाही ना तुमचा? शोभाताई नावाची आत्याची शेजारीण होती, तोंडानं फटकळ. तिच्याकडे गॅस येऊन दहा वर्षं झाली होती. त्या दिवशी ती साहेबाच्या मागे रस्त्यापर्यंत बोलत गेली होती.

हर्षाला हे सगळं माहीत होतं, आणि त्याहून एक जास्त गोष्ट माहीत होती. नाकाला जे कळतं ते सगळ्यात वाईट असतंच असं नाही. बेंझीन थोडं असलं तर नाकाला पत्ताही लागत नाही, आणि ते वर्षानुवर्षं हाडांत शिरून रक्त बिघडवतं. आत्याच्या ओट्यावर बसून चहा पिताना हा विचार तिच्या डोक्यातून जात नसे.

प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉक्टर चारुलता मॅडम. कडक, पण सरळ बाई. हिवाळ्यातल्या हवेचं एक मोठं काम त्यांच्याकडे आलं तेव्हा हर्षानं हट्ट धरला, की एक जागा बोरटोलीची घ्या. मॅडम म्हणाल्या, यंत्राची गाडी वस्तीत उभी केली की कारखान्याला कळणार. हर्षा म्हणाली, गाडी नको, यंत्रच घरात ठेवू. आत्याला विचारलं तर तिनं क्षणाचाही विचार केला नाही. शिलाईची खोली रिकामी केली. मशीन स्वयंपाकघरात गेली, गठ्ठे पलंगाखाली गेले. चार माणसांनी फ्रिजएवढं ते धूड आत आणलं, खिडकीच्या गजातून पांढरी नळी बाहेर काढली, आणि त्या दिवसापासून आत्याच्या घरात अहोरात्र मिक्सर चालू असल्यासारखा पंप घरघरू लागला.

अख्ख्या वस्तीनं ही गोष्ट पोटात ठेवली. बाहेरच्यानं विचारलं की शोभाताई सांगायची, प्रयागबाईनं नवीन शिलाई मशीन घेतली आहे, मोठी.

हर्षा रोज पहाटे हजर असायची. थंडीत हवा जमिनीलगत दबून राहते, वर जात नाही. नेमक्या त्याच वेळी कारखाना आपल्या टाक्या मोकळ्या करायचा. आत्या शाल पांघरून तिच्या शेजारी स्टुलावर बसायची आणि पडद्यावरच्या रेघांकडे बघायची. एका पहाटे तिनं विचारलं,

"हे लाल रेघ वर चढून राहिली, हे काय आहे वं?"

"बेंझीन."

"म्हणजे वास येते थे?"

"नाही आत्या. वास येते थे हे निळं. लालचा तुले पत्ताच नाही लागत."

आत्यानं पुन्हा एकदा लाल रेघेकडे पाहिलं. मग तिनं पदर नाकाला लावला. पदरानं काही होत नाही, हे हर्षाला माहीत होतं.

हळूहळू बाया येऊ लागल्या. आधी शोभाताई, मग इतर. पहाटे घरची कामं सोडून दारात गर्दी करायच्या. रेघ चढली की एकमेकींना कोपरानं ढोसायच्या. हर्षाला वाटलं होतं त्या घाबरतील. पण त्यांच्या तोंडावर भीतीपेक्षा समाधानच जास्त होतं. इतकी वर्षं सगळे त्यांना खोटं पाडत होते, आणि आता एक यंत्र त्यांच्या बाजूनं बोलत होतं. शोभाताई म्हणाली, "पाहा बाप्पा, आम्ही येड्या नोहतो." तो हिवाळा हर्षाच्या आयुष्यातला सगळ्यात चांगला काळ होता. आपण शिकलो त्याचं चीज झालं, असं तिला तेव्हा वाटलं.

अहवाल तयार झाला. बेंझीन मर्यादेच्या कितीतरी पट, आणि तेही रोज पहाटे. मॅडमनी प्रत्येक आकडा तीनदा तपासला आणि सही केली. शेवटच्या भागात हर्षानं आवर्जून लिहिलं होतं, की टाक्यांच्या तोंडाशी वाफ थंड करून परत द्रव करणारी साधी यंत्रणा बसवली तर हे जवळजवळ बंद होईल. पियुष आता तिशीचा झाला होता, एका दुकानात हिशेब बघायचा आणि वस्तीच्या भानगडींत पुढे असायचा. त्यानं अहवाल घेतला, वकील केला आणि प्रकरण सरकारी समितीपुढे नेलं.

सुनावणी सिव्हिल लाइन्समधल्या एका जुन्या कचेरीत झाली. उन्हाळा लागला होता, कूलर फडफडत होता. मागच्या बाकांवर आत्या, शोभाताई आणि वस्तीतल्या बाया ठेवणीतल्या साड्या नेसून बसल्या होत्या. हर्षा पूर्ण तयारीनं गेली होती. यंत्र बरोबर मोजतं हे कशावरून, यंत्र जुळवून घ्यायला वापरलेला नमुन्याचा सिलिंडर कुठला, नळीत काही अडकलं तर, अशा सगळ्या प्रश्नांची उत्तरं तिनं पाठ केली होती. मॅडमनी तिची उलटतपासणीसुद्धा घेऊन पाहिली होती.

कारखान्याचा वकील उभा राहिला. वयस्कर, मऊ आवाजाचा माणूस. त्यानं हात जोडले आणि म्हणाला, या ताईंच्या मोजणीवर आमचा काहीही आक्षेप नाही. उलट इतकं बारीक काम आपल्या नागपुरात होतं याचा अभिमान वाटतो. हर्षा गोंधळली. पाठ केलेलं सगळं जिथल्या तिथे राहिलं.

"एकच विचारायचं आहे," तो म्हणाला. "शास्त्रज्ञ म्हणून सांगा. या हवेत माणसानं राहावं का?"

हर्षानं मागे पाहिलं. आत्या तिच्याकडेच बघत होती, परीक्षेत बसलेल्या पोरीकडे बघावं तशी.

"नाही," हर्षा म्हणाली.

"लहान मुलांनी? म्हाताऱ्यांनी?"

"त्यांनी तर अजिबात नाही."

वकिलानं आभार मानले आणि तो बसला. बाहेर आल्यावर शोभाताईनं हर्षाच्या पाठीवर हात फिरवला. पियुषनं सगळ्यांना उसाचा रस पाजला. गाडीत बसताना मॅडम मात्र म्हणाल्या, की हा माणूस भांडला का नाही, हे मला कळत नाही.

कळायला पावसाळा उजाडला. आदेश आला. औद्योगिक क्षेत्राच्या जुन्या नकाशात बोरटोलीची जमीन हरित पट्टा म्हणून राखून ठेवलेली होती. तिथे वस्ती असायलाच नको होती. वस्ती कारखान्याच्या कितीतरी आधीची, लोक घरटॅक्स भरत आले, विजेचे मीटर लागले, हे सगळं एकीकडे. नकाशा नकाशाच्या जागी. आणि आता तर तज्ज्ञांनी शपथेवर सांगितलं होतं, की ही जागा राहण्याच्या लायकीची नाही. तेव्हा रहिवाशांच्या जिवाचा विचार करून त्यांना शहराच्या दुसऱ्या टोकाला, रिंग रोडच्याही बाहेर, सरकारी इमारतींमध्ये हलवावं. कारखान्यानं सुधारणा कराव्यात. त्यासाठी त्याला मुदत दिली होती, आणि ती वाढवून मागायची सोयही.

पियुषनं हे हनुमान मंदिराच्या ओट्यावर उभं राहून वाचून दाखवलं. अर्ध्यावर त्यानं कागद दुसऱ्याच्या हातात दिला.

हर्षा धावत समितीच्या कचेरीत गेली. शेवटचा भाग वाचा, म्हणाली, वाफ अडवायची यंत्रणा बसवली तर कोणाला हलवायची गरज नाही. तिथल्या अधिकाऱ्यानं शांतपणे ऐकून घेतलं. उपाय सुचवणं तुमच्या कामात येत नव्हतं, म्हणाला, तुमचं काम मोजायचं होतं आणि ते तुम्ही उत्तम केलं. मॅडमकडे जाऊन ती रडली. मॅडमनी पाणी दिलं, दार लावून घेतलं, समितीला एक कडक पत्रही पाठवलं. पण शेवटी त्या म्हणाल्या, "आपण मोजलं ते बरोबर मोजलं. पुढे त्याचं काय करायचं हे ठरवणारे आपण नाही." हर्षाला त्या वाक्याचा राग आला. राग यायचं कारण असं, की सहा महिन्यांपूर्वी कोणी विचारलं असतं तर तिनंही हेच वाक्य म्हटलं असतं, आणि तेही अभिमानानं.

वस्तीतून उठायचा दिवस आला तेव्हा ती गेली. कोपऱ्यावरच पियुषनं तिला अडवलं.

"ताई, आज नको येऊ. लोकं भडकून आहेत."

"आत्याले भेटते फक्त."

"तिच्यासाठीच सांगून राहिलो. आपल्या घरात मशीन होती म्हणून सगळं झालं, असं म्हणतात लोकं. तिले तोंड दाखवाची सोय नाही राहिली."

ती रस्त्याच्या पलीकडे उभी राहिली. जेसीबी एका टोकापासून घरं खात येत होता. आत्या शिलाई मशीनचं डोकं कापडात गुंडाळून कडेवर घेऊन निघाली होती, जसं पोर घ्यावं. तिनं हर्षाला पाहिलं, मान हलवली आणि टेम्पोत चढली. शोभाताईनं मात्र रस्ता ओलांडला. ती ओरडेल असं हर्षाला वाटलं, पण तिचा आवाज अगदी खाली होता.

"वास आम्ही सोसत होतो, पोरी. मायं घर कारखान्यानं नाही नेलं. तुनं नेलं."

शोभाताईजवळ घराचे कागद नव्हते, ती भाड्यानं राहायची. तिला इमारतीत खोलीही मिळाली नाही. ती बहिणीकडे गेली असं म्हणतात. कुठल्या गावी, ते कोणाला नक्की माहीत नाही.

आत्याला चौथा मजला मिळाला. लिफ्ट होती, पण चालत नव्हती. आत्याचे गुडघे आधीच गेलेले. गांधीबागेचा व्यापारी इतक्या लांब गठ्ठे पाठवायला तयार होईना, आणि नाड्या ओवणाऱ्या बाया साऱ्या चहू दिशांना पांगल्या. मशीन खिडकीशी मांडली होती, तिच्यावर औषधांचे डबे आणि पाण्याची बाटली. पियुष सकाळी जायचा तो दिवेलागणीला यायचा. पहिले काही महिने हर्षाला जायचा धीरच झाला नाही. मग एका रविवारी गेली. आत्यानं दार उघडलं, बस म्हणाली, चहा टाकला. पूर्वी चहाबरोबर दहा गोष्टी यायच्या. आता नुसता चहा आला.

शेवटी हर्षानंच विचारलं, डोकं दुखते का गं अजून?

"नाही दुखत," आत्या म्हणाली. "खरं सांगते, एक दिवस नाही दुखलं. हवा चांगली आहे इथं. पण सकाळी उठून मी करू काय, हे सांग मले."

हर्षा मान खाली घालून बसली. मग तिच्या मनात इतके दिवस साचलेलं बाहेर आलं. मी काय करायला हवं होतं, तिनं विचारलं, खोटं बोलायला हवं होतं का? राहा म्हणून सांगायला हवं होतं?

आत्यानं कप खाली ठेवला.

"खोटं काहून बोलाचं? तू बोलली थे खरंच होतं. पण बाई, विचारून कोण राहिला, हे पाहाचं होतं. कोण्या अडाणी बाईलेही एवढं समजलं असतं. तू लय शिकली ना, म्हणून नाही समजलं."

हे तिनं रागानं म्हटलं नाही. रागानं म्हटलं असतं तर हर्षाला सोपं गेलं असतं. परत येताना बसमध्ये ती विचार करत राहिली, की त्या दिवशी 'नाही' म्हणून थांबायला नको होतं. 'नाही, पण' म्हणायला हवं होतं. हवा बिघडवणारा कोण, हे त्याच दमात सांगायला हवं होतं. वकिलानं मध्येच तोडलं असतं तरी ओरडून सांगायला हवं होतं. पण तिला फक्त विचारलेल्या प्रश्नाचं नेमकं उत्तर द्यायला शिकवलं होतं, आणि तिनं ते दिलं.

पुढच्या वर्षी बोरटोलीची जमीन झाडं लावण्याच्या अटीवर कारखान्यालाच भाडेपट्ट्यानं मिळाली. रस्त्याच्या कडेनं अशोकाची एक रांग लागली. रांगेमागे ड्रमांची शेड उभी राहिली. कुंपणापाशी अधूनमधून हवा मोजायचं काम निघालं, आणि ते चारुलता मॅडमच्या प्रयोगशाळेकडेच आलं. हर्षानं जायला नकार दिला. मॅडमनी सक्ती केली नाही, पण दुसरा माणूस आजारी पडला तेव्हा तिलाच जावं लागलं. गाडी जिथे उभी केली ती जागा साधारण आत्याच्या ओट्याची असावी, नक्की सांगता येत नव्हतं. पहाटे लाल रेघ चढली, पूर्वी चढायची त्याहूनही वर. अहवाल समितीकडे गेला. त्यावर उत्तर आलं, की परिसरात आता मानवी वस्ती नसल्यामुळे तातडीच्या कारवाईची आवश्यकता दिसत नाही.

त्या उत्तराची प्रत मॅडमनी हर्षाच्या टेबलावर ठेवली आणि त्या आपल्या खोलीत गेल्या.

हर्षानं नोकरी सोडली नाही. सोडून जाणार कुठे? गावी वडील थकले होते, धाकट्या बहिणीचं शिक्षण तिच्याच जिवावर चाललं होतं. ती यंत्र चालवते, नवी पोरं तिच्याकडून शिकतात, ती त्यांना चांगलं शिकवते. बोलणं मात्र कमी झालं आहे. गावी गेली आणि कोणी हवा मोजण्यावरून थट्टा केली, की ती उठून आत जाते.

मागच्या दिवाळीआधी कामठी रोडकडच्या एका वस्तीतून तीन बाया प्रयोगशाळेत आल्या. त्यांच्यामागे रंगाचा कारखाना होता. डोळे चुरचुरतात, म्हणाल्या, लेकरं खोकतात, तुमची मशीन आमच्या घरी ठेवा, आम्ही खोली रिकामी करून देतो. त्यांच्यातली एक तरुण होती, दिपाली नावाची, आणि तीच सगळं बोलत होती. हर्षानं त्यांना बसवलं, पाणी दिलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, की तुमच्या घराची जमीन कोणाच्या नावावर आहे? नकाशात तिथे काय दाखवलं आहे? बाया एकमेकींकडे बघू लागल्या. हर्षा म्हणाली, आधी हे पाहून या. वकिलाला दाखवा. ते पक्कं असेल तरच मला बोलवा. नसेल तर मला बोलवू नका, आणि दुसऱ्या कोणालाही मोजू देऊ नका.

"म्हणजे आम्ही तसंच राहाचं का मॅडम, त्या हवेत?" दिपालीनं विचारलं.

हर्षा त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेली. रिक्षात बसताना त्या आपसात काहीतरी बोलत होत्या, हिनं कारखान्याचे पैसे खाल्ले असतील, असं एक वाक्य हर्षाच्या कानावर पडलं.

त्या परत आल्या नाहीत. त्या वस्तीतली हवा कशी आहे ते अजून कोणी मोजलेलं नाही.